मोरीकडचा उतार

३ फेब्रुवारी

आत्या,

आधीच सांगते, शुद्धलेखनाला हसू नकोस. टायपिंग पण फार हळू आहे माझं. आपल्या लाँड्रीच्या दुकानातल्या बिलाच्या कॉम्प्युटरवर एका बोटाने बडवतेय. एवढ्या दोन ओळी लिहीपर्यंत चहावर साय आली. कोणी गिऱ्हाईक आलं की मी पटकन बिल उघडते, त्यामुळे मधे कुठे 'बेडशीट डबल, नग बारा' असं दिसलं तर ते सोडून वाच.

तू म्हणशील, वर्षात एक ओळ न लिहिणारी आज कशी उगवली. काम आहे म्हणून. खोटं कशाला बोलू.

मशीनमधून ओल्या चादरी ओढायला आपली ती वाकड्या तोंडाची काठी आहे ना, मी लहानपणापासून तिनेच चादरी ओढतेय. गेल्या महिन्यात हॉस्पिटलचे गठ्ठे पोचवायला गेले, तर वाटेतल्या मैदानावर वीसेक मुली हातात तीच काठी घेऊन पळत होत्या. मी सायकल थांबवून बघतच राहिले. म्हटलं, अगं बाई, ह्या कसल्या चादरी ओढतायत!

घरी येऊन बाबांना विचारलं, "ही काठी कुणाची?" बाबा म्हणाले, "ताईची. खेळायची ती पूर्वी." आणि ड्रायरकडे निघून गेले. तुला माहीत आहे ना ते कसे बोलतात. ताशी चार शब्द.

त्यानंतर मी रोज त्याच रस्त्याने जाते. एकदा बॉल कुंपणाखालून माझ्या चाकाशी आला. आत हाक मारून परत द्यायला हवा होता. तोंडच उघडलं नाही. मुली शोधत होत्या आणि मी तो खिशात घालून घरी आले. चोरी नाही केली गं. लाजेने झालं.

तर फाटकावर पाटी लागलीय. अठराच्या आतल्या मुलींच्या हॉकी संघाची निवड, २३ मार्च, सोळा जणी घेणार. शाळेचा दाखला लागत नाही. हे मी तीन वेळा वाचलं. नववीत शाळा सोडली तेव्हापासून मला कुठे जायचं असलं की आधी दाखला विचारतात.

मला त्या सोळा जणींत यायचंय. दुसरं काही नको. कसं खेळतात ते शिकव. घरातच शिकायचंय, दुपारी मशीन सुरू असताना तासभर मिळतो. आईबाबांना सांगू नकोस.

तुझी,
मुंगी


७ फेब्रुवारी

मुंगे,

तुझं पत्र डेपोत वाचलं. एवढ्या मोठ्याने हसले की कंडक्टर विचारायला आला, बाई, बरं आहे ना. चादरी ओढायची काठी! माझी काठी! तुझ्या बापाला भेटले की बघतेच.

आता ऐक. मी गोलकीपर होते. म्हणजे गोल कसा मारावा हे मला ठाऊक नाही, कुठला गोल आला की पोटात गोळा येतो ते मात्र पक्कं ठाऊक आहे. तेवढ्यावर भागव.

काठी आधी सावलीत नीट वाळव, मग तेल लाव. काठीची एक बाजू चपटी असते, एक गोल. बॉलला फक्त चपटी बाजू लागली पाहिजे. गोल बाजू लागली की शिट्टी वाजलीच समज. म्हणून मनगट फिरवायला शीक. बॉलच्या उजवीकडून एकदा, काठी उलटवून डावीकडून एकदा. टक, टक, टक. रोज पाचशे. हात दुखला तर दुखू दे, तुला कुठे पेपर लिहायचेत.

साबणाचे रिकामे डबे ओळीत मांड आणि त्यांच्यामधून नागमोडी जा. शॉटसाठी समोर जाड चादर टांग, बॉल तिच्यात मरतो आणि आवाज होत नाही. खालच्या दोन कोपऱ्यांना चिमटे लाव. तिथेच मार. मधे मारलेला बॉल म्हणजे गोलकीपरला दिलेली भेट.

एक चांगली गोष्ट सांगते. ओली चादर ओढताना तू पाय रोवतेस, कंबर फिरवतेस आणि काठी अंगाजवळून पुढे आणतेस. अगदी तस्साच एक शॉट असतो. बॉल काठीला चिकटवून ओढत न्यायचा आणि शेवटच्या क्षणी सोडायचा. तो शिकायला पोरींना दोन वर्षं लागतात. तू दहा वर्षं करतेयस.

बस सुटायची वेळ झाली.

आत्या


१६ फेब्रुवारी

आत्या,

पाचशे होतात. पहिल्या दिवशी एकशेवीसवर हात गळून पडले. त्या रात्री आई म्हणाली, "चमचा का पाडतेस सारखा?" मी म्हटलं, "साबण लागलाय हाताला."

आता डब्यांमधून एकदाही डबा न पाडता जाते. दाराकडून सुरू करायचं, भिंतीपर्यंत, मग बॉल उचलून परत दाराशी. आणि गंमत सांगू? शॉट मारल्यावर मला बॉल आणायला जावंच लागत नाही. चादरीवर आपटून खाली पडतो आणि शहाण्या कुत्र्यासारखा माझ्या पायाशी येतो. दर वेळी.

पण एक घोटाळा झालाय. मी टांगायला हॉटेलच्या चादरी घेत होते, बदलून बदलून. परत धुवायची असतेच, म्हणून काय बिघडतं असं वाटलं. बॉलला काठीचं तेल लागलं होतं. धुवून निघालं नाही. हॉटेलने अकरा चादरी परत पाठवल्या, सगळ्यांच्या दोन कोपऱ्यांत गोल गोल ठसे. आई त्या चादरी घेऊन मोठ्या मशीनमधे डोकं घालून बसली. म्हणते, "हिचं तेल गळतंय." बाबांनी अख्खा रविवार मशीन उघडून परत बसवलं. बाबा काळे झाले आणि मी पाने देत उभी. तोंडाशी आलं होतं, पण बाहेर पडलं नाही.

ठसे मात्र अगदी कोपऱ्यातच आहेत. एवढं तरी बघ.

मुंगी


२० फेब्रुवारी

मुंगे,

ठसे कोपऱ्यात आहेत हे वाचून आनंद झाला, मशीन उघडलं हे वाचून झाला नाही. सांगून टाक. एक दिवस बोलणी खाशील आणि सुटशील. नाहीतर तुझा बाप तेल शोधत शोधत मशीनचे तुकडे भंगारात देईल.

बॉल आपोआप पायाशी येतो म्हणालीस ना? हात बसला म्हणायचा. शॉटमधे नेम आणि जोर एकसारखा असला की बॉल तसाच परत येतो. मला इतक्या लवकर कधी जमलं नाही. उगाच कौतुक करत नाहीये.

आता मैदानावर जा. निवडीच्या आधी एकदा तरी त्या मुलींबरोबर खेळून बघ. आणि आवाज दे. हॉकीत मुक्याला बॉल मिळत नाही. "इकडे!" एवढं एकच ओरडायचं.

आत्या


४ मार्च

आत्या,

गेले होते. नसते गेले तर बरं झालं असतं.

तिथल्या सगळ्यात उंच मुलीने, तिला सगळ्या जिराफ म्हणतात, मला घेतलं. म्हणाली, "चल, त्या शंकूंमधून काढून दाखव." मला वाटलं, हे तर येतं. पहिल्याच शंकूला बॉल उजवीकडे पळाला. आणला. परत उजवीकडे. जणू कुणी दोरीने ओढतंय. घरी डोळे मिटून जाते गं मी! मग गोलवर मारले. दहा मारले, सात उजव्या खांबाच्या बाहेर. चिमट्याच्या जागी एकही नाही.

मग खेळ. अर्ध्या तासात मला बॉल दोनदा मिळाला. "इकडे" म्हणायला तोंड उघडलं आणि हवा आली नुसती. एक मुलगी म्हणाली, "हिचं बटण बंद आहे." सगळ्या हसल्या. जिराफ पण हसली, पण मग म्हणाली, "ये परत."

नाही जाणार. नववीत पण असंच झालं होतं. घरी धडा पाठ यायचा आणि वर्गात उभी राहिले की अक्षरं पळायची. बाई म्हणायच्या, मोठ्याने वाच, आणि मागची बाकं हसायची. घरी येतं आणि बाहेर येत नाही, ह्याला काय म्हणायचं? माझ्यातच काहीतरी वाकडं आहे.

काठी परत टबाजवळ ठेवली. आज तिनेच चादरी ओढल्या. हे तुझ्यासाठी लिहिलं, कारण तू मेहनत घेतलीस. राग मानू नकोस.

मुंगी


८ मार्च

मुंगे,

काठी उचल. आधी उचल, मग पुढे वाच.

तुझं पत्र मी दोन दिवस खिशात घेऊन फिरतेय. काल मला दुसरीच बस दिली. माझी नेहमीची बस डावीकडे ओढते, पुढची चाकं बिघडलीत तिची. तीन वर्षं मी स्टेअरिंग किंचित उजवीकडे धरून चालवते आणि मला ते कळतही नाही. काल ही चांगली बस घेऊन निघाले तर गाडी उजवीकडे, पार दुभाजकाकडे! प्रवासी ओरडले. मी ब्रेक मारला आणि जागच्या जागी तू आठवलीस.

दुकानाच्या फरशीला उतार आहे, मुंगे.

मला ठाऊक असायला हवं होतं, कारण ती फरशी मी आणि तुझ्या बापाने घातलीय. मी सतरा वर्षांची, तो चौदाचा. आजोबा दोरी धरून उभे होते. दर दोन हाताला एक बोट उतार, दाराजवळच्या मोरीच्या कोपऱ्याकडे, पाणी साचू नये म्हणून. बॉल तुझ्या पायाशी येत नव्हता गं. मोरीत जात होता, आणि तू मधे उभी होतीस. आणि मी शहाणी इथून लिहितेय, हात बसला!

भिंतीकडे जाताना बॉल डावीकडे ओढला जातो, म्हणून तू मनगटाने त्याला उजवीकडे राखतेस. मैदान सपाट. तिथे उजवीकडेच जाणार. तू वाकडी नाहीस. फरशी वाकडी आहे.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते सांगते. मीही त्याच फरशीवर शिकले. आणि मीही मैदानावर गेले तेव्हा माझा बॉल उजवीकडे पळाला. मला पुढे खेळायचं होतं, गोल मारायचे होते. सरांनी दोन दिवस बघितलं आणि म्हणाले, हिला गोलमधे उभी करा. मी हो म्हटलं. वाटलं, माझ्या हातातच खोट आहे. नऊ वर्षं पॅड बांधून उभी राहिले आणि दुसऱ्यांचे गोल अडवले. तीस वर्षांनी काल भर रस्त्यात कळलं की खोट कुठे होती. प्रवासी शिव्या देत होते आणि मी हसत होते, की रडत होते, ठाऊक नाही.

पंधरा दिवस आहेत. तुला सपाट जागा हवी. घड्या घालायच्या मोठ्या टेबलाचे दोन लाकडी फळे काढ, जमिनीवर जोडून मांड, उताराच्या बाजूला खाली पाचरी घाल. बाटलीत अर्धं पाणी भरून आडवी ठेव, बुडबुडा मधे आला की सपाट. एकटीला उचलणार नाहीत ते. म्हणजे बाबांना सांगावं लागेल. चादरींचं पण.

बोल, मुंगे. पहिला "इकडे" घरातच दे.

आत्या


१५ मार्च

आत्या,

बोलले.

जेवताना म्हटलं, "मशीनचं तेल गळत नाहीये." बाबा म्हणाले, "मग?" मी म्हटलं, "ठसे माझे आहेत." मग सगळं सांगितलं. एका दमात, ताटाकडे बघत. बॉलचं, पाटीचं, उताराचं, तुझ्या बसचं पण.

आईने आधी हातातली भाकरी खाली ठेवली. मग सुरू. "अकरा चादरी! अगं अकरा! आणि मी त्या मशीनला आईबहिणीवरून बोलले, ते बिचारं निर्दोष! तुझं काय करू मी, पिळून वाळत घालू?" मग अचानक म्हणाली, "कोपऱ्यातच कसे लागले गं सगळे?" मी म्हटलं, "तिथेच मारायचे असतात." तर म्हणाली, "हं." आणि भाकरी वाढली.

सकाळी मी उठले तर टेबलाचे फळे जमिनीवर. बाबा पालथे पडून बाटलीतला बुडबुडा बघतायत. पाचरी तासलेल्या आहेत, एकेक वेगळ्या जाडीची. मला म्हणाले, "ताईची काठी टाकवली नाही मला. कोपऱ्यात ठेवली असती तर वाळवी लागली असती. रोज हातात राहिली म्हणून टिकली." आत्या, मी मोजले, सतरा शब्द होते.

घड्या आता आम्ही खाटेवर घालतो. आईची कंबर धरते, पण ती म्हणते २३ पर्यंत चालेल.

फळ्यावर पहिले तीन दिवस रडू आलं. सपाटीवर हात ऐकेना. मग मी दर पन्नासला दिशा बदलायला लागले, दाराकडे तोंड, भिंतीकडे तोंड. आता बॉल सरळ जातो. कंटाळवाणा सरळ. पायाशी येत नाही, आणायला जावं लागतं. बरं वाटतं.

आवाजाचं आईने घेतलंय. ती मोठ्या मशीनच्या पलीकडे उभी राहते. मशीन पिळायला लागलं की एवढा धडधडाट होतो की स्वतःचं ऐकू येत नाही. मी "इकडे!" ओरडायचं आणि तिला ऐकू आलं तरच ती बॉल ढकलणार. पहिल्या दिवशी एकही आला नाही. ती आपली हात कानाला लावून, "काय? साबण हवा?" काल सलग नऊ आले.

जुनी चादर टांगलीय, आपली घरची. चिमटे तेच.

मुंगी


१९ मार्च

मुंगे,

तीनच गोष्टी. बूट नवे घालू नकोस. पहिला शॉट चुकला तर तो गेला, त्याच्यामागे जाऊ नकोस. आणि गोलकीपरच्या डोळ्यांत बघू नकोस, मी तसंच फसवायचे.

मला सुट्टी मिळाली नाही. २३ ला दिवसभर गाडीवर आहे, फोन बंद. मनात ओरडेन.

तुझ्या आईला म्हणावं, कंबरेला शेक दे.

आत्या


२४ मार्च

आत्या,

काल टाइप करायला बसले होते, पण सगळी अक्षरं चुकत होती. आज ठीक आहे.

बासष्ट मुली होत्या. सोळा घेणार. बाबा सायकल धरून कुंपणाबाहेर उभे. मी आधी जिराफला बॉल परत दिला. म्हटलं, "तुमचा आहे. जानेवारीतला." ती म्हणाली, "बोलतेस की तू!"

शंकू सरळ काढले. फार वेगात नाही, पण बॉल काठी सोडून गेला नाही. मग खेळवलं. "इकडे!" ओरडले, दोनदा बॉल आला, एकदा माझ्याकडून सुटला. मग कोच मॅडमनी मला बाजूला बोलावलं. अंगावरून खाली वर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "तू घाबरत नाहीस बॉलला. पाय पण घट्ट आहेत. गोलमधे उभी राहतेस का? गोलकीपर एकही नाहीये माझ्याकडे. हो म्हणालीस तर आत्ता नाव लिहिते."

हातात कागद होता त्यांच्या. पेनाचं टोपण काढलेलं. सोळातली एक जागा माझी होती, नुसतं हो म्हणायचं होतं. आणि मला तू दिसलीस. पॅड बांधलेली, सतरा वर्षांची.

मी हळूच बोलायचं ठरवलं होतं, शप्पथ. पण मला आता बोलायची सवय मशीनवरचीच आहे ना.

"नाही! मी पुढे खेळणार!"

आख्खं मैदान वळून बघायला लागलं. कुंपणावरचे कावळे उडाले. बाबांच्या हातून सायकल पडली. मॅडम एक पाऊल मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "बरं बाई, बरं. पाच शॉट घे. पण मग ती जागा नाही देणार मी, समजलं?" मी मान हलवली. परत बोलायची हिंमत नव्हती.

पहिला उजव्या खांबाबाहेर. जुनी सवय, अगदी तीच. मागून कोणीतरी हसलं. तू म्हणाली होतीस गेला तो गेला, म्हणून गेला. दुसरा पायाने अडवला तिने. मग मी डोळे मिटून एकदा आपला फळा आठवला, बाबा पालथे पडलेले, बाटलीतला बुडबुडा मधे. तिसरा डावीकडे खाली, गोलच्या मागच्या फळीवर खाडकन वाजला. आत्या, मी हा आवाज कधी ऐकलाच नव्हता, आपल्या चादरीत बॉल गपकन मरतो ना. केवढा वाजतो! चौथा पण वाजला, उजवीकडे. पाचवा मी चादरीसारखा ओढला. ओली, डबल, मशीनच्या तळाशी अडकलेली चादर. पाय रोवले, कंबर फिरवली, आणला, आणला, सोडला. गोलकीपरने बघितलंच नाही, मागे वळून विचारत होती, "गेला?"

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. संध्याकाळी फाटकावर यादी लागली. बाबा वरून वाचत होते, मी खालून. मला आधी सापडलं. सोळावी आहे मी. सोळावी आणि शेवटची, आणि नावापुढे लिहिलंय 'पुढची फळी'.

 घरी आल्यावर दारात सायकल लावताना बाबा म्हणाले, "ताईला कळव."

म्हणून कळवतेय. सराव सोमवार, बुधवार, शुक्रवार. आई म्हणते टेबलाचे फळे आता परत चढवा, बाबा म्हणतात राहू देत. तुझी काठी मी मैदानावर नेते, म्हणून चादरी ओढायला बाबांनी बांबूला आकडा बसवून घेतलाय. चांगला नाहीये तो.

आणि हो, बाबांनी आज सकाळी मिशी काढली. यादीच्या आनंदात असेल, पण कुणाला काही सांगितलं नाही, नुसते येऊन चहाला बसले. वरचा ओठ इतका गोरा आहे! आई अजून काही बोललेली नाही. तू पण बोलू नकोस.

मुंगी